तार, टेलिग्रॅम आणि ग्रीक व्याकरण

भाषेतले बहुतेक शब्द कधी जन्मले, कुणी जन्माला घातले, हे कुणालाच सांगता येत नाही. शब्द आपल्या कानावर पडतो तेव्हा तो चांगला जाणता झालेला असतो. इंग्रजीतला ‘टेलिग्रॅम’ हा शब्द मात्र याला अपवाद आहे. त्याच्या जन्माचा दाखला आहे, आणि त्यावर गाव, तारीख आणि बारसं करणाऱ्याचं नावही आहे.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याची राजधानी आल्बनी. तिथून निघणाऱ्या ‘आल्बनी इव्हिनिंग जर्नल’ या पत्राच्या ६ एप्रिल १८५२ च्या अंकात एक छोटंसं निवेदन आलं. आमच्या एका मित्राला भाषेत एक नवा शब्द आणायचा आहे, तरी ‘टेलिग्राफिक डिस्पॅच’ किंवा ‘टेलिग्राफिक कम्युनिकेशन’ असं लांबलचक न म्हणता यापुढे ‘टेलिग्रॅम’ म्हणावं, असा त्याचा आशय होता. हा मित्र म्हणजे रॉचेस्टर शहरातले वकील ई. पेशाइन स्मिथ. पुढे १८७१ मध्ये हे गृहस्थ जपान सरकारच्या परराष्ट्र खात्याचे सल्लागार होऊन तिकडे गेले. पण आज त्यांचं नाव घेतलं जातं ते बहुधा या एका शब्दासाठीच.

त्यांची अडचण खरी होती. ‘टेलिग्राफ’ हा शब्द आधीपासून होता, तोही विजेच्या तारेपेक्षा जुना. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत क्लोद शाप या माणसाने टेकड्यांवर मनोरे उभारून, त्यांवरच्या लाकडी हातांच्या खुणांनी निरोप पाठवण्याची पद्धत काढली. एका मनोऱ्यावरची खूण दुसऱ्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून बघायचा आणि पुढे द्यायचा. शापच्या मनात या यंत्राला ‘टॅकिग्राफ’, म्हणजे ‘झरझर लिहिणारा’, असं नाव द्यायचं होतं. जाणकारांनी सुचवलं, त्यापेक्षा ‘टेलिग्राफ’ म्हणा, म्हणजे ‘दूरवर लिहिणारा’. ‘टेले’ म्हणजे दूर, ‘ग्राफाइन’ म्हणजे लिहिणं. दोन्ही ग्रीक. पुढे वीज आली, सॅम्युएल मोर्सने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला, आणि मनोऱ्यांचं नाव तारेच्या यंत्राला चिकटलं. यंत्राला नाव मिळालं, पण यंत्रातून जो कागद हाती येतो त्याला काय म्हणायचं? एकेक शब्द मोजून पैसे घेणाऱ्या या धंद्यात खुद्द वस्तूचं नाव दोन शब्दांचं असावं, ही मौजच होती.

स्मिथसाहेबांचा शब्द अमेरिकेत फारशी कुरकुर न होता चालू लागला. तो अटलांटिक ओलांडून इंग्लंडात पोहोचला तेव्हा मात्र गाठ केंब्रिजच्या पंडितांशी पडली.

साल होतं १८५७. ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रिचर्ड शिलेटो या ग्रीकच्या नामांकित अध्यापकाचं पत्र छापून आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘टेलिग्रॅम’ हा शब्द रानटी आहे. ग्रीक व्याकरणाप्रमाणे अशी जोडणी होतच नाही. ‘एपिग्रॅम’, ‘डायग्रॅम’ हे शब्द शुद्ध आहेत, कारण त्यांतले ‘एपि’ आणि ‘डाया’ हे उपसर्ग आहेत आणि उपसर्ग क्रियापदाला थेट लागतो. ‘टेले’ हा उपसर्ग नव्हे, ते क्रियाविशेषण आहे. ते थेट जोडता येत नाही. आधी ‘टेलिग्राफ करणे’ असं क्रियापद बनवायचं, मग त्यापासून नाम काढायचं, आणि ते नाम होईल ‘टेलिग्राफीम’. तेव्हा ज्यांना नवा शब्द हवाच असेल त्यांनी निदान हा शुद्ध शब्द वापरावा.

मग जी पत्रापत्री सुरू झाली तिची कल्पना मराठी वाचकाला सहज यावी. ‘आंतरराष्ट्रीय’ की ‘अंतरराष्ट्रीय’ यावर आपल्याकडे किती शाई वाहिली आहे ते आठवा. दोन्ही बाजूंना विद्वान असतात, दोन्ही बाजूंना व्याकरण असतं, आणि छापखान्यातला जुळारी शेवटी हाताला येईल ते खिळे जुळवतो. शिलेटो व्याकरणात चुकले नव्हते, हे इथे सांगायलाच हवं. ग्रीकच्या नियमांनी त्यांचाच शब्द बरोबर होता. पण ‘टेलिग्राफीम’ हा शब्द सकाळी घाईघाईने दोनदा म्हणून पाहावा, म्हणजे तो का हरला ते कळतं.

हा वाद नेमका १८५७ मध्येच का पेटला, हा प्रश्न मला या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शब्द तर पाच वर्षांचा होता. त्याचं उत्तर आपल्या देशात आहे. मे महिन्यात मेरठला उठाव झाला होता, दिल्ली शिपायांच्या हाती गेली होती, आणि इंग्लंडात घराघरांतून हिंदुस्थानच्या बातमीची वाट पाहिली जात होती. ज्यांची मुलं, भाऊ, जावई इकडच्या छावण्यांत होते, अशी हजारो कुटुंबं. आणि बातमीचा मथळा असायचा ‘टेलिग्रॅम’. एरवी मूठभर व्यापाऱ्यांच्या आणि पत्रकारांच्या तोंडी असलेला शब्द त्या उन्हाळ्यात सगळ्या देशाच्या तोंडी आला, म्हणून पंडितांच्या कानावर आला.

त्या टेलिग्रॅमचा प्रवास कसा होता पाहा. १८५७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये तार नव्हती. मुंबईहून आगबोट सुएझला जायची. सुएझचा कालवा तेव्हा खणलेला नव्हता, त्यामुळे टपाल जमिनीवरून अलेक्झांड्रियाला, तिथून पुन्हा बोटीने भूमध्य समुद्र ओलांडून ट्रिएस्ट किंवा मार्सेलीसला. तिथे युरोपातल्या तारेची हद्द सुरू व्हायची. बोट बंदराला लागली की बातम्यांचा चार-सहा ओळींचा गोषवारा तारेने लंडनला पुढे जायचा, आणि सविस्तर पत्रं आगगाडीने काही दिवसांनी पोहोचायची. म्हणजे मेरठच्या १० मेच्या घटनेची तार लंडनला मिळाली ती जूनच्या अखेरीस. आणि ती मिळाली तीसुद्धा त्रोटक, नावांची मोडतोड झालेली. काहीतरी भयंकर घडलं आहे एवढं कळायचं. काय ते कळायला पत्रांची वाट पाहावी लागायची. टेलिग्रॅम या शब्दाला जी धडकी चिकटली ती इथपासून. शिलेटोसाहेबांचं पत्र छापून आलं तेव्हा इंग्रज फौजांनी दिल्ली परत घेऊन तीन आठवडे उलटले होते, पण लंडनला त्याचा पत्ता नव्हता.

हिंदुस्थानच्या आत मात्र तार होती. विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टराने कलकत्त्याजवळ १८३९ पासून प्रयोग केले होते, आणि कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडून फेब्रुवारी १८५५ मध्ये ती जनतेसाठी खुलीही झाली होती. ११ मे १८५७ च्या सकाळी दिल्लीच्या तारघरात ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण सिग्नलर होते. त्यांचे वरिष्ठ टॉड तार का तुटली ते पाहायला बाहेर पडले आणि मारले गेले. या दोघांनी तारघर सोडण्यापूर्वी अंबाल्याला निरोप धाडला, आणि पंजाबातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना सावध व्हायला वेळ मिळाला. इंग्रजांनी १९०२ मध्ये दिल्लीत या कामगिरीचं स्मारक उभारलं. ते काश्मिरी दरवाज्याजवळ आजही उभं आहे. एकाच्या सुटकेचं स्मारक ते दुसऱ्याच्या पराभवाचंही असतं, हे आपण ते पाहताना विसरू नये. उठाववाल्यांना या गोष्टीची पुरेपूर जाणीव होती. जागोजाग त्यांनी तारा तोडल्या, खांब उपटले. फाशी जाणाऱ्या एका शिपायाने तारेकडे बोट दाखवून, याच दोरीने आमचा गळा आवळला, असं म्हटल्याची गोष्ट इंग्रज लेखक मोठ्या हौसेने सांगत आले आहेत. ती खरी की रचलेली, कोण जाणे. पण तार आणि दोरी यांतलं साम्य त्या काळच्या माणसाला सुचलं, हे पटण्यासारखं आहे.

इथेच आपल्या शब्दाकडे वळायला हरकत नाही. ग्रीकच्या भानगडीत मराठी माणूस पडलाच नाही. खांबावरून जी वस्तू डोळ्यांना दिसत होती तिचंच नाव त्याने निरोपाला दिलं, ‘तार’. इंग्रजांनीही बोलण्यात तेच केलं, त्यांचा ‘वायर’ शब्द टेलिग्रॅमच्या अर्थाने चांगला रुळला. यंत्र ते तारायंत्र, कचेरी ते तारघर किंवा तार ऑफिस, त्यावरचा बाबू तो तारमास्तर. तार करायची, तार यायची, तार मिळायची. लग्नात अभिनंदनाच्या तारा वाचून दाखवल्या जायच्या आणि जाहीर सभा संपली की निषेधाच्या तारा सुटायच्या. ‘पत्र नको, तार करा’ हे वाक्य कामाची निकड सांगायला पुरेसं होतं.

तरी सामान्य घरात तार म्हटलं की एकच अर्थ. आमच्या वाड्यात तारवाला दिंडीदरवाजातून आत आला की नळावरची भांडी नळावर राहायची. तो कुणाच्या जिन्याकडे वळतो इकडे सगळ्यांचे डोळे. तार इंग्रजीत असायची, ती वाचणारा माणूस शोधावा लागायचा, आणि तो येईपर्यंत बायकांनी डोळ्यांना पदर लावलेला असायचा. पुष्कळदा आत ‘पास झालो’ किंवा ‘शनिवारी पोहोचतो’ एवढंच निघायचं. स्वातंत्र्यानंतर देवनागरी लिपीतून तारा पाठवण्याची सोय झाली, पण माझ्या आठवणीतल्या तारा इंग्रजीच आहेत.

शब्द मोजून पैसे, या एका अटीने या वस्तूला तिची भाषा दिली. १८६६ मध्ये अटलांटिकखालची तार कायमची सुरू झाली तेव्हा किमान आकार होता वीस शब्दांना वीस पौंड! इंग्लंडात १८८५ मध्ये देशांतर्गत तार बारा शब्दांना सहा पेन्स इतकी उतरली, पण त्याबरोबर पत्त्याचेही शब्द मोजायला सुरुवात झाली. मग पेढ्यांनी आपल्या नावाचा एकशब्दी पत्ता नोंदवून घ्यायचा. मुंबईच्या जुन्या कंपन्यांच्या पत्रांवर कोपऱ्यात ‘तारेचा पत्ता’ म्हणून एखादा चमत्कारिक शब्द छापलेला दिसतो, तो याचसाठी. व्यापाऱ्यांनी तर सांकेतिक शब्दांचे जाडजूड कोशच काढले. कापसाचा भाव, गाठींची संख्या, बोटीचं नाव, सगळं एका निरर्थक शब्दात. त्यावर तारखात्यांनी शब्द म्हणजे काय, त्यात अक्षरं किती असावीत, याचे आंतरराष्ट्रीय नियम केले. वैयाकरणांना जे जमलं नव्हतं ते, म्हणजे ‘शब्दा’ची कायदेशीर व्याख्या, तिकीटखिडकीवरच्या कारकुनाने करून टाकली.

पूर्णविराम गाळला जाऊ नये म्हणून त्या जागी ‘स्टॉप’ हा शब्द लिहिण्याची पद्धतही यातलीच. पहिल्या महायुद्धात सरकारी तारांमधून ती पसरली. ‘टेलिग्राफिक’ या विशेषणाला इंग्रजीत ‘त्रोटक, अनावश्यक शब्द गाळलेलं’ असा जो अर्थ आला तो या सगळ्यातून. आपल्याकडे शुभेच्छांच्या तारांना क्रमांक दिलेले होते. दिवाळीच्या शुभेच्छा क्रमांक १, सुखी आणि दीर्घ वैवाहिक जीवनाच्या क्रमांक ८. आकडा सांगितला की पलीकडे अख्खं वाक्य उमटायचं. चुकीचा आकडा गेल्यामुळे झालेल्या गमतींचे किस्से प्रत्येक पोस्टात असायचे आणि त्यांतले निम्मे तरी बनावट असावेत.

शब्द गाळण्याचा हा खेळ नेहमीच निरुपद्रवी नव्हता. जुलै १८७० मध्ये प्रशियाचा राजा विल्हेल्म एम्स गावी हवापालटासाठी गेला होता. तिथे फ्रान्सच्या वकिलाशी त्याचं जे बोलणं झालं त्याचा वृत्तान्त तारेने बर्लिनला बिस्मार्ककडे आला. बिस्मार्कने त्यात नवं असं काही घातलं नाही, काही भाग कापला आणि उरलेला छापायला दिला. कापल्यावर मजकूर असा दिसू लागला की राजाने वकिलाला झिडकारलं. फ्रेंच खवळले आणि १९ जुलैला त्यांनी युद्ध पुकारलं. युद्ध दोन्ही बाजूंच्या मनात होतंच, हे खरं. पण निमित्त पुरवलं ते एका कापलेल्या तारेने. पुढेही काही घटना इतिहासात तारेच्या नावानेच ओळखल्या गेल्या. जर्मन सम्राटाने ट्रान्सवालच्या अध्यक्षाला जानेवारी १८९६ मध्ये पाठवलेली ‘क्रूगर टेलिग्रॅम’, अमेरिकेला पहिल्या महायुद्धाकडे ओढणारी १९१७ ची ‘झिमरमन टेलिग्रॅम’. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोहून जॉर्ज केनन या अमेरिकी मुत्सद्द्याने पाठवलेली ‘लाँग टेलिग्रॅम’, जिच्यात पाच हजारांहून अधिक शब्द होते! सरकारी खर्चाने पाठवायची असली की तार एवढी लांबू शकते.

कायद्यानेही या कागदाला ओळखलं होतं, पण हात राखून. १८७२ च्या आपल्या पुरावा कायद्यात ८८ वं कलम खास तारेसाठी होतं. हाती आलेली तार ही पाठवण्यासाठी दिलेल्या मजकुराप्रमाणेच आहे असं न्यायालयाने गृहीत धरायला हरकत नाही. मात्र ती अमुक माणसानेच दिली असं गृहीत धरता येणार नाही. पत्रावर सही असते, हस्ताक्षर असतं. तारेवर दोन्ही नसतं. ज्याने ही ओळ लिहिली तो कायदेपंडित मला फार शहाणा वाटतो. ज्या लिखाणाला लिहिणाऱ्याचा हात नाही त्याच्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हा प्रश्न त्याने दीडशे वर्षांपूर्वीच पकडला होता.

आता ‘ग्रॅम’ या शेपटाबद्दल. मूळ ‘ग्राम्मा’ म्हणजे लिहिलेलं अक्षर. तोच शब्द लॅटिनच्या उत्तरकाळात एका बारीकशा वजनाला लावला गेला आणि फ्रेंचांनी दशमान पद्धतीत त्याला कायम केलं. म्हणजे वाण्याकडचे अडीचशे ग्रॅम शेंगदाणे आणि टेलिग्रॅम हे दूरचे चुलतभाऊ आहेत. इंग्रजीत पुढे ‘केबलग्रॅम’ निघाला, तेव्हा इंग्रजी धड आणि ग्रीक शेपूट म्हणून पुन्हा नाकं मुरडली गेली. आणि २०१० मध्ये दोन तरुणांनी ‘इन्स्टंट कॅमेरा’ आणि ‘टेलिग्रॅम’ यांचे तुकडे जोडून ‘इन्स्टाग्रॅम’ केलं. तिथे लिहिण्याचा संबंध जवळजवळ संपलाच. शिलेटो आज असते तर त्यांनी काय केलं असतं, कल्पना करवत नाही.

पण त्यांचा अगदीच पराभव झाला असंही नाही. फ्रेंच, जर्मन, रशियन या भाषांनी ‘टेलिग्रॅम’ घेतला. एका भाषेने घेतला नाही, ती म्हणजे खुद्द ग्रीक. अथेन्समध्ये तारेला ‘तिलेग्राफिमा’ म्हणतात. केंब्रिजच्या शिक्षकाने १८५७ मध्ये सुचवलेला शब्द तो हाच.

वस्तू गेली ती टप्प्याटप्प्याने. ब्रिटनने देशांतर्गत तार १९८२ मध्ये बंद केली. अमेरिकेच्या वेस्टर्न युनियनने २७ जानेवारी २००६ ला शेवटची तार स्वीकारली. आपल्याकडे १४ जुलै २०१३ ची रात्र शेवटची. त्या दिवशी एरवी ओस पडलेल्या तारघरांपुढे रांगा लागल्या होत्या. ज्यांनी आयुष्यात तार केली नव्हती अशी तरुण मुलं आठवण म्हणून स्वतःलाच तार करत होती. १८८५ चा ‘इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्ट’ मात्र त्यानंतरही दहा वर्षं टिकला. फोन, बिनतारी, मोबाइल, सगळं काही ‘टेलिग्राफ’ या शब्दाखाली बसवत सरकारने त्याच्यावर काम भागवलं, आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा केला.

शब्द इतके आज्ञाधारक नसतात. बँकेत परदेशी चलनाचा भाव विचारायला जा, फलकावर ‘टीटी’चा दर असतो, म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्स्फर, तारेशी त्याचा आता काही संबंध नाही. इंग्लंडात कुणी शंभरी गाठली की राजघराण्याकडून शुभेच्छा येतात, ही प्रथा १९१७ ची. येतं ते कित्येक वर्षांपासून छापील कार्ड. पण म्हातारी माणसं अजून म्हणतात, राजाची टेलिग्रॅम आली.

आणि आपल्याकडे तार बंद झाली त्यानंतर महिन्याभराने, ऑगस्ट २०१३ मध्ये, दोन रशियन भावांनी मोबाइलवर निरोप पाठवण्याचं एक अ‍ॅप काढलं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘टेलिग्रॅम’. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाची तीन-तीनशे पानांची पुस्तकं आज मुलं त्यावरून एकमेकांना फुकट पाठवतात. ‘सर, टेलिग्रॅम केलंय,’ असं परवा एक विद्यार्थी मला म्हणाला. ‘केलंय’, असं नपुंसकलिंगी. आमची तार स्त्रीलिंगी होती.